पारदेश्वरीची पेटी

त्या गुरुवारी सोनगीरच्या चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. रतनलाल शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर हिरव्या खणात गुंडाळलेली एक पेटी होती. तिच्यावर लिंबं, पुढे नारळ, उदबत्त्यांचा धूर आणि मागे मांडी घालून बसलेले पारदनाथ महाराज. दाढी तीन महिन्यांची असेल. आवाज मात्र एसटी स्टँडवर दंतमंजन विकणाऱ्याचा.

"पारा पकडे सो पुरुष, पारा बांधे सो परमेश्वर!" महाराज गरजले. "आहे कोणी माईचा लाल, जो हा थेंब चिमटीत धरील?"

पितळी ताटात पाऱ्याचा थेंब पळत होता. एका गड्याने धरायला बोटं घातली. थेंबाचे चार थेंब झाले आणि चारी दिशांना पळाले. लोक हसले. महाराजांनी ते गोळा करून एका इवल्याशा डबीत टाकले, वर करड्या भस्माची चिमूट घातली. हे भस्म म्हणे हिमालयात बारा वर्षं एका पायावर उभं राहून मिळालेलं. उजव्या की डाव्या, हे कोणी विचारलं नाही. डबी पेटीच्या तोंडात बसली.

"ये आई पारदेश्वरी, ये! लेकरांचे दात किडले, ये!"

आणि पेटी घुमायला लागली. घर्रर्रर्र! वरची लिंबं घरंगळून खाली पडली. "वं माय, पेटी थरथरी राह्यनी!" बायांनी हात जोडले. दहाएक आकडे मोजावेत एवढ्या वेळात पेटी शांत झाली. महाराजांनी डबी उघडली तर आत पारा नाही, भस्म नाही; चांदीसारखा चकाकणारा मऊ गोळा! समोर जबडा वासून बसलेल्या माणसाच्या हिरडीवर त्यांनी 'तीर्था'त बुडवलेलं बोट फिरवलं, किडलेल्या दाताच्या भोकात गोळा दाबून भरला आणि पाठीवर थाप मारली. "दुखतंय?"

"नही महाराज!"

"अकरा दिवस दात उघडायचा नाही, डॉक्टरला दाखवायचा नाही. दाखवाल तर आई कोपेल. आणि विधवा बाया मागे सरका. विधवेचा हात लागला तर पेटीतून देवी कायमची निघून जाईल!"

गर्दीच्या कडेला कुंदाबाई उभी होती. शेजारच्या बाईने तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि कोपराने तिला मागे ढकललं. कुंदाबाई सरकली. तिला वाईटही वाटलं नाही. दोन वर्षांपासून तिला फारसं काही वाटतच नव्हतं. सुई दिल्यावर गाल जसा आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं सगळ्याच बाबतीत झालं होतं.

पण कान शाबूत होते. ती घर्रर्र त्यांनी लगेच ओळखली. अकरा वर्षं ती धुळ्याला कांतीलाल डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि हा आवाज दिवसातून वीस वेळा ऐकत होती. 'तीर्था'चा वासही ओळखीचा होता. लवंगेचं तेल.

ती तशीच पुढे बहिणीच्या घरी गेली. त्यासाठीच तर ती आली होती. धाकटी सुगंधा इथल्या तांबटांच्या घरात दिलेली. तिचा नवरा भटू याने सकाळी निरोप धाडला होता, 'तोंड सुजलं शे, येई जा.'

सुगंधा भिंतीला टेकून बसली होती. जबड्याखालची सूज मानेपर्यंत उतरली होती. तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायचंही त्राण नव्हतं.

"तोंड उघड."

उघडलं जेमतेम बोटभर. जीभ वर उचललेली. मागच्या दाढेत चांदी लखलखत होती.

"अक्का, गिळता येस नही," सुगंधा घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"कधी भरली ही?"

"चार दिन व्हयनात," भटू म्हणाला. "दाढमा पू व्हता, पण महाराजनी लगेच भरी दिन्ही."

साफ न करता पुवावर झाकण घातलं होतं. वाट बंद झाली तसा पू खाली मानेत उतरला होता. असा रोगी दवाखान्यात आला की कांतीलाल डॉक्टर त्याला खुर्चीत बसवतसुद्धा नसत; थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवत. सूज आणखी वाढली तर श्वास कोंडतो. कुंदाबाईने हे दोनदा पाहिलं होतं. त्यातला एकच परत आला.

"आते निंघा. धुळाले."

भटूने बापाकडे पाहिलं. तोताराम आबा पाटावर बसले होते. सोनगीरची पितळी भांडी जिथे जिथे जातात, तिथे तिथे त्यांच्या हातोडीचं नाव. गावाने महाराजांवर विश्वास ठेवला तो खरं तर आबांच्या शब्दावर. पहिल्याच दिवशी त्यांनी तो गोळा हातात घेऊन पाहिला होता आणि भर चौकात कानाच्या पाळ्या पकडल्या होत्या. अडाणी माणूस फसला असता तर नवल नव्हतं. इथे जाणताच फसला होता, आणि फसला तो जाणता होता म्हणूनच.

"चाळीस वरीस भट्टी फुकी मी," आबा म्हणाले. "इस्तोशिवाय, आगशिवाय, धातू जुळत नही. आठे इस्तो नही, फुकनी नही, आनि पारासारखा पारा जमी गया! हाई माणूसनं काम नही पोरी. तू दातना डॉक्टरकडे भांडा धोस, माले धातू शिकाडू नको. अकरा दिन व्हऊ दे."

कुंदाबाईला हे बोलणं नवीन नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, चिंधाला, शेतात साप चावला. तेव्हा असंच कोणीतरी म्हणालं, भगताकडे न्या. आणि नेलं तिनेच. नऊ वर्षं दवाखान्यात काम करणाऱ्या बाईने! भगताने तीन तास कडुलिंबाचा पाला झोडपला. मग सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी चिंधाची नाडी पाहिली आणि विचारलं, इतका वेळ कुठे होता? तेव्हापासून आत बधिर.

ती रडली नाही, भांडली नाही. हिशेबाने बोलली. "आबा, मी विधवा शे. मन्हा हात लागना ते देवी निंघी जाई, असं महाराज सांगतस. मी पेटी चालाडी देखाडस. नही चालनी तर तुमनं खरं. चालनी, तर सुगंधाले त्याच पाऊली धुळाले लई जावानं. कबूल?"

आबांना आपल्या धातूवर भरवसा होता. "कबूल," ते म्हणाले आणि पागोटं घातलं.

चौकात महाराजांनी तिला ओट्यावर चढताना पाहिलं आणि ते उभेच राहिले. "विधवा! दूर! पाऱ्याचं विष होईल, गावात पटकी येईल!"

गर्दीतून दोघे-तिघे तिला खेचायला धावले. आबांनी हात आडवा धरला. "महाराज, देवी नही उनी ते तुमनंच खरं व्हई. मंग घाबरतस कसाले?"

महाराजांनी एकदा गर्दीकडे, एकदा पेटीकडे पाहिलं. "ठीक! बघा मग आईचा कोप!" असं म्हणून ते खांबाला टेकून उभे राहिले.

कुंदाबाईने डबीत पारा घातला, भस्म घातलं, डबी बसवली, खणाखाली हात घालून बटण दाबलं.

पेटी ढिम्म.

"देवी रुसनी! देवी गयी!" एकच गलका उठला. कोणीतरी चप्पल फेकली, ती तिच्या खांद्याला लागली. आबांनी मान हलवली आणि पाठ फिरवली. तिकडे घरात सुगंधाचा एकेक श्वास जड होत होता. कुंदाबाईला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. दवाखान्यात मशीन बंद पडलं की ती आधी जे बघायची, तेच तिने बघितलं. तिने खण उचलला. पेटीच्या मागून काळी वायर निघाली होती. ती उदबत्त्यांच्या मागून, चटईखालून खांबाकडे गेली होती. खांबाजवळ महाराजांची टाच होती आणि टाचेखाली उपटलेली पिन.

"पाय काढा," ती म्हणाली.

महाराजांनी पाय काढला नाही. रतनलाल शेठ दुकानातून बाहेर आले, वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "महाराज, तुम्ही तर म्हणालात ही वायर दिव्यासाठी आहे!" त्यांनी स्वतःच टाच बाजूला सारली आणि पिन खांबावरच्या बोर्डात खोचली. कुंदाबाईने पुन्हा बटण दाबलं.

घर्रर्रर्र!

सगळ्यांसमोर एका विधवेच्या बोटाखाली देवी घुमत होती.

कुंदाबाईने डबी उघडली, गोळा फडक्यात पिळून जास्तीचा पारा काढला आणि तो गोळा आबांच्या तळहातावर ठेवला. "दाबा आबा." आबांनी दाबला. आतून बारीक करकर आली, कथील वाकवताना येते तशी.

"हाई भस्म नही," कुंदाबाई म्हणाली. " चांदी, कथील आनि तांबाना चुरा शे. कथील ते तुमना घरमाच शे, भांडासले कल्हई लावतस ते. चांदी पारा पिई लेस, तिले इस्तो लागत नही. पहिले डॉक्टर खलमा घोटेत, आते हाई मशीन घोटस. घंटाभरमा दगड व्हई जास. तीर्थ म्हंजे लवंगनं तेल. हिरडी बधिर व्हस, दात बरा व्हत नही. दवाखानामा आम्ही आधी कीड कोरतस, पू काढतस, मंग चांदी भरतस. यानी पू आतच कोंडी दिन्हा."

पुढे काय झालं ते लांबवण्यात अर्थ नाही. रतनलाल शेठनी सुगंधासाठी आपली मॅटाडोर काढली. हायवेवर भटू एकसारखा हॉर्न वाजवत होता. धुळ्याला सर्जनने मानेखाली चिरा दिला, दाढ काढली, वाटीभर पू निघाला. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर मी काही करू शकलो नसतो," एवढंच ते म्हणाले. महाराजांना पोलिसांनी नेलं. बारा वर्षांची तपश्चर्या निघाली दोन वर्षांची. ती झाली होती एका दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली, आणि पेटी तिथूनच उचललेली.

सातव्या दिवशी सुगंधा घरी आली. मानेला पट्टी होती, पण भाकरी दुधात कुस्करून खात होती. आबांनी गल्लीतली माणसं बोलावली. ज्यांनी ज्यांनी दात भरून घेतले होते, त्या सगळ्यांना दवाखान्यात जायला सांगितलं. मग पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"मन्हं चुकनं," ते म्हणाले. "माले समजनं नही, म्हनीसन मी त्याले देव म्हनं. आपले समजत नही, याना अर्थ इतलाच शे का आपले समजत नही. हात जोडाना आधी इचारानं. जो इचारू देत नही, त्यानापाशी थांबूच नका."

सुगंधाने घास चावायचा थांबवला होता. कुंदाबाई सासऱ्याकडे आणि सुनेकडे आळीपाळीने पाहत राहिली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला आत काहीतरी दुखलं, चांगलंच दुखलं. तो हेवा होता.

"तुमनं नशीब शे आबा," ती म्हणाली. "तुमनं चुकनं, हाई ऐकाले तुमनी सून जित्ती शे."