नवख्यांचं मनापासून स्वागत

धाकट्यानं वेबसाइट बनवण्याचं एक फ्रेमवर्क लिहिलं आणि साऱ्या जगाला फुकट देऊन टाकलं. जग काही फिरकलं नाही. मग त्यानं प्रश्नोत्तरांचा फोरम उघडला, वर 'नवख्यांचं मनापासून स्वागत' अशी पाटी लावली आणि येईल त्या नवख्याची मनापासून सालटी काढू लागला.

"लोकांना आपलेपणाच नाही गं," जेवताना तो ताईजवळ कुरकुरला. "एक प्रश्न विचारतात आणि गायब होतात."

ताई दातांची डॉक्टर. दवाखान्याची वेबसाइट ती स्वतःच बनवत होती. तिनं विचारलं, "परवा कुणा 'अक्कलदाढ'नं विचारलं होतं ना, फोटो का दिसत नाहीत म्हणून?"

"हो! मी लिहिलं, अक्कल नुसती नावातच दिसतेय."

"ती मीच रे."

धाकट्यानं ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडला. चूक फ्रेमवर्कमध्येच निघाली. ती दुरुस्त करून त्यानं फोरमवर चक्क माफी मागितली. खाली ताईनं लिहिलं, "इथली माणसं फार प्रेमळ आहेत."

ते वाचून दुसऱ्याच दिवशी आणखी दोघं आले. बिचारे!