तिसरा कंगोरा

"काका, खरं सांगा. हे फूल तुम्हाला विकृत वाटतं का?"

संग्रहालयातल्या संशोधक मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि खुर्ची मागे सरकवली. भिंगकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून बघितलं. स्पिरिटमध्ये ठेवलेलं नखाएवढं फूल. त्याच्या खालच्या, ओठासारख्या पाकळीवर उभे कंगोरे होते तीन, मधला किंचित बुटका. याच फुलाचं चित्र काकांनी गेल्या महिन्यात अकरा दिवस खपून काढलं होतं, तेव्हा मोजायची काही गरज नव्हती. तरी त्यांनी मोजले.

"चांगलं धडधाकट आहे," ते म्हणाले. "का? काय झालं?"

मॅडमनी एक छापील पत्र पुढे केलं. डोंगरावरच्या जंगलात एका शेवाळलेल्या फांदीवर त्यांना हे ऑर्किड सापडलं होतं. झाडावर नुसतं बसायचं, झाडाचं काही खायचं नाही, असा या मंडळींचा स्वभाव. त्यांच्या सगळ्या भाऊबंदांना कंगोरे दोन. याला तीन, म्हणजे ही नवी जात, असं मॅडमनी लेखात लिहिलं होतं. शोधपत्रिकेच्या परीक्षकांनी तो लेख परत पाठवला होता.

"म्हणतात, एकच रोप आणि एकच फूल, ते मुळातच बिघडलेलं असेल. आणि त्याच डोंगरावरून अठ्ठावीस वर्षांपूर्वी असंच ऑर्किड आणलं होतं, त्याच्या छापलेल्या चित्रात कंगोरे दोनच आहेत." मॅडम जरा थांबल्या. "चित्र तुमचं आहे, काका. तुमच्या चित्रापुढे माझं एक फूल कोण मानणार?"

बोलणं कौतुकाचं होतं, पण काकांनी कपाळावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"जुन्या नमुन्यात फूल असेल ना?"

"किड्यांनी खाल्लं. कागदावर पानं तेवढी उरलीत."

"परत जाऊन आणलं तर?"

"ते झाड दरडीबरोबर खाली गेलं. मी चार दिवस आसपास शोधलं. दुसरं कुठे मिळेपर्यंत लेख बासनात."

काका "बघू" म्हणाले आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. त्या दिवशी त्यांच्या हातून कागदावर शाईचा एकही ठिपका उमटला नाही.

वाळवलेल्या वनस्पतींच्या त्या संग्रहालयात ते चित्रकार म्हणून लागले, त्याला आता एकोणतीस वर्षं होत आली होती. गळ्यात सदा भिंग, म्हणून भिंगकाका. त्यांची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची, असं सगळा विभाग मानायचा, आणि खोटं कशाला बोला, काकाही मानायचे. कुणी कॅमेऱ्याची बढाई मारली की ते म्हणत, "कॅमेरा बघतो. आम्ही मोजतो." त्यांचं ते दोन कंगोऱ्यांचं चित्र एका जाडजूड ग्रंथात छापून आलं होतं, वाखाणलं गेलं होतं आणि घरी बाहेरच्या खोलीत काचेत लावलेलं होतं. येईल त्या पाहुण्याला काकू ते कौतुकाने दाखवत.

संध्याकाळी काकू त्या चित्राखाली बसून पेपरातलं कोडं सोडवत होत्या.

"अगं, ते चित्र चुकलंय," काका म्हणाले.

"कुठलं?"

त्यांनी हनुवटीने भिंत दाखवली. काकूंनी पेन खाली ठेवलं.

"अठ्ठावीस वर्षं मी त्याची काच पुसतेय आणि आज सांगताय होय?"

मग काकांनी सगळं सांगितलं. नोकरीला सहाच महिने झाले होते. पेन्सिलीने त्यांनी दिसले तसे तीन कंगोरे काढले होते. विभागाचे तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, या घराण्यात दोनच असतात, तिसरा तुमच्या भिंगावरचा ओरखडा असेल. काकांनी भिंग उजेडात धरून तपासलं होतं. ओरखडा नव्हता. पण टाक कसा धरायचा हे ज्यांनी शिकवलं, त्यांच्यापुढे ब्र काढायची छाती झाली नाही. मूग गिळून त्यांनी शाईने दोनच काढले.

"मग साहेबांवर ढकला की. ते काही आता उठून येत नाहीत."

"हात माझा होता ना."

काकूंनी उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात घालवला होता.

"उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असली तर मी मार्क द्यायची," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी वही दाखवावी लागते. कच्ची वही आहे का?"

"माळ्यावर आहे. पण निवृत्तीला चार महिने राहिलेत गं. लोक म्हणतील, हाच का तो मोजणारा."

"म्हणू देत. एवढी वर्षं मिरवलंत, आता थोडं ऐकून घ्या. स्टूल मी धरते, चढा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी अकराच्या चहाला सगळा विभाग जमला असताना काकांनी वही मॅडमच्या पुढ्यात उघडली. एकांतात सांगणं सोपं होतं, म्हणूनच त्यांनी ते टाळलं. पिवळ्या पडलेल्या पानावर पेन्सिलीतलं फूल होतं. बाजूला तारीख, डोंगराची उंची, प्रत्येक कंगोऱ्याचं माप. मधल्या कंगोऱ्यावर लाल पेन्सिलीने फुली मारून लिहिलं होतं, 'दोनच. दुरुस्त करा.' त्याखाली बारीक अक्षरात काकांचं, 'केले.'

"छापलेलं चित्र चुकीचं आहे," काका म्हणाले. "मला तीन दिसले होते. मी दोन काढले."

मॅडमनी पट्टी घेतली, आपल्या टिपणातली मापं आणि पानावरची मापं ताडून पाहिली, पुन्हा पाहिली.

"काका, इथेही मधलाच बुटका आहे. तेवढाच." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "म्हणजे हे दुसरं रोप. दुसरं फूल."

"लेखात लिहा, चित्र चुकलं होतं. कुणी काढलं होतं तेही लिहा. साहेबांचं नाव मात्र नको. आज असते तर त्यांनी स्वतःच ती फुली खोडली असती."

"मी या जातीला तुमचं नाव देणार आहे."

"माझं कशाला? तीन कंगोऱ्यांवरून ठेवा. म्हणजे पुढे कुणाची दोन काढायची हिंमत व्हायची नाही."

सगळे हसले, आणि त्या हसण्यात काकांना फार दिवसांनी मोकळं वाटलं.

लेख छापून आला तेव्हा काका निवृत्त होऊन महिना झाला होता. नाव तीन कंगोऱ्यांचंच होतं, काकांचं नवं चित्र पानभर होतं. नव्या जातीचा पहिला नमुना लाल फोल्डरमध्ये जपतात, त्यात वाळवलेल्या रोपाशेजारी वहीतलं ते पानही कायमचं गेलं. मॅडमनी फोनवर हे सांगितल्यावर काका बराच वेळ नुसते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. अभिमानाने ऊर भरून आला होता आणि ते लपवावं असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

काकूंनी भिंतीवरची चौकट उतरवली. "जुनं काढा, नवं घाला."

काकांनी काच काढली. जुन्या चित्राखालच्या कोऱ्या जागेत त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'कंगोरे तीन होते. मी पाहिले होते.' खाली सही केली, तारीख घातली, आणि तेच चित्र परत काचेत बसवून त्याच खिळ्याला लावलं.

आता पाहुणे आले की काकू चित्र दाखवत नाहीत. काका स्वतःच उठतात, गळ्यातलं भिंग काढून पाहुण्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "आधी मोजा. मग खालचं वाचा."