रिकाम्या ताटाचा फोटो

मी एक म्हातारा मोबाईल फोन आहे, मित्रांनो. आम्हा फोनांना म्हातारपण फार लवकर येतं. माणसाचं मूल ज्या वयात दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागतं, त्या वयात आमची रवानगी कपाटात होते. माझ्या काचेला तडा गेला आहे, मागचं झाकण रबर लावून धरलं आहे आणि पोटात चार्जिंग टिकत नाही. पण माझी आठवण अजून शाबूत आहे. म्हणून आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढराशुभ्र उजेड आणि हातमोजे घातलेली बोटं तेवढी आठवतात. त्या बोटांनी माझ्या पाठीत एक लहानसा डोळा बसवला. मग खोक्यातला अंधार. खोकं उघडलं ते थेट चंद्रपुरात, जटपुरा गेटजवळच्या एका दुकानात. एका मुलीने मला उचललं, रस्त्यावरच्या रिक्षाकडे माझा डोळा धरला आणि पहिला फोटो काढला. "किती साफ येते ना!" ती दुकानदाराला म्हणाली. ती रश्मी. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

रश्मीच्या घरी दोनच माणसं होती, ती आणि तिचे वडील रामाजी. रश्मी लहान असतानाच तिची आई वारली होती. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला होते. खाणीत आणि खाणीबाहेर त्यांच्या गालात सदा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला तोबरा, असायचा. मी घरात आलो तेव्हा ते निवृत्त झाले होते, पण खर्रा सुटला नव्हता. माझ्या डोळ्यासमोर त्यांच्या तोंडात एक पांढरा चट्टा आला. रश्मीने माझ्या दिव्याच्या उजेडात तो पाहिला. तो कॅन्सर निघाला. पुढे नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मशीनचे शेक झाले. बाबा वाचले. पण त्यांचं तोंड पूर्वीसारखं उघडेना, शब्द अडखळू लागले आणि जिभेची चवच गेली.

"काहीच लागत नाई व रश्मे," ते म्हणायचे. "गोड नाई, खारं नाई. माती खाल्ल्यावानी लागते."

डॉक्टर म्हणाले होते, चव हळूहळू येईल, कदाचित येणारही नाही. रश्मी रोज काहीतरी नवं शिजवायची. बाबा दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. शर्टाच्या आत त्यांचे खांदे खुंटीसारखे दिसू लागले होते.

बाबांना सोडून रोज कामावर जाणं रश्मीला जमेना. तेव्हा तिला एक वेगळंच काम मिळालं. त्या कामाचं नाव गुप्त ग्राहक. मोठ्या हॉटेलवाल्यांना आपल्या हॉटेलात खरंच कसं जेवण मिळतं ते जाणून घ्यायचं असतं. मग ते एका कंपनीला सांगतात आणि कंपनी साध्या गिऱ्हाइकासारखं कुणालातरी पाठवते. त्या माणसाने जेवायचं, सगळं नीट पाहायचं आणि घरी येऊन खरं खरं कळवायचं. आपण कोण आहोत ते मात्र कुणालाही सांगायचं नाही. या कामाचा पहिला नियम माझ्याशी जोडलेला होता. पदार्थाला हात लावण्याआधी त्याचा फोटो काढायचा. फोटो नसेल, तर तो पदार्थ मिळालाच नाही असं धरायचं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या डोळ्यावाचून रश्मीचं काम अडणार होतं.

पण मित्रांनो, पोटात भूक असली की नियम आठवत नाही. एकदा रश्मी सकाळपासून उपाशी होती आणि समोर गरम सांबारवडी आली. आतल्या कोथिंबिरीचा, म्हणजे आमच्याकडच्या सांबाराचा, वास सुटला. मी तिच्या पर्समध्ये होतो. तिने मला बाहेर काढलं तेव्हा ताटलीत सांबारवडीचं शेपूट उरलं होतं. "अगं बाई!" तिने कपाळावर हात मारला. मग हळूच शेजारच्या टेबलावरच्या ताटलीकडे माझा डोळा वळवला. तिथला माणूस भडकला.

"ओ ताई, माह्या प्लेटचा फोटो कायले काढून राह्यल्या? घरी जेवाले नाई भेटत का?"

रश्मी लाजून उठली. तिने घडलं तसंच कळवलं, उष्ट्या तुकड्याचा फोटोही पाठवला. कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसातल्या मॅडमनी तिला फोनवर समजावलं, "रश्मी, आधी फोटो, मग घास. हे एवढं पाळ." त्यानंतर रश्मी टेबलावर बसल्या बसल्या मला हातात धरू लागली.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मोहर्लीच्या वाटेवरच्या एका हॉटेलाचं काम आलं. वाघ पाहायला येणारे लोक तिथे उतरत. हॉटेलच्या मालकांनी 'जंगल थाळी' नावाची नवी थाळी सुरू केली होती. दोन माणसांनी जाऊन ती थाळी जेवायची होती. रश्मीची मैत्रीण करिश्मा सोबत येणार होती, पण ऐन वेळी तिला ताप आला.

"मी येतो," बाबा म्हणाले.

"बाबा, तुमाले जेवण जाते का? तिथी बसून काय करसान?"

"ताटावर बसतो तुह्यासंगं. तेवढीच झाडं पाहून होते."

बाप-लेक बसने निघाले. चंद्रपूरची धूळ मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी बांबू आणि सागवान सुरू झाले. बाबांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं होतं. रश्मीने त्यांचा एक फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे.

हॉटेलात सफारीहून आलेल्यांची गर्दी होती. रश्मीने थाळी मागवली. वाढायला स्वयंपाकीणच बाहेर आली. चाळिशीची, हातावर गोंदण असलेली बाई. तिथली पोरं तिला मंगलीबाई म्हणत होती. तिचं गाव जवळच जंगलात होतं. तिने दोन ताटं ठेवली. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याचं भरीत, अंबाडीची पातळ भाजी आणि तांदळाची भाकर. बाबांच्या गालावरची टाक्यांची रेघ तिने पाहिली, पण काही विचारलं नाही.

"भाऊ, भाकर चावत नसन तर राहू द्या," ती म्हणाली. "थांबा, भात मऊ करून देतो."

तिने वाटीत भात घेऊन तो हाताने कुस्करला आणि त्यावर अंबाडीचा गरम रस ओतला. मग ती आत गेली.

"बाबा, थांबा हं. आधी फोटो काढू द्या," रश्मी म्हणाली. तिने माझा डोळा उघडला आणि मला ताटांवर धरलं. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. भाताची वाफ, भाजीचा हिरवट रंग, वाटीच्या कडेला ओघळलेला रस. तिचं बोट खाली येत होतं. आता फक्त टेकायचं बाकी होतं.

तेवढ्यात बाबांनी पहिला चमचा तोंडात घातला. त्यांना थांबवत नव्हतं म्हणून नव्हे. लेकीचं बोलणं त्यांना ऐकूच गेलं नसावं. चमचा तोंडातच राहिला. त्यांनी डोळे मिटले.

"रश्मे," ते म्हणाले. "आंबट लागून राह्यलं व."

रश्मीचं बोट हवेतच थांबलं.

"काय म्हणता बाबा?"

"आंबट. अंबाडीचं आंबट. मागून मीठ पण लागते." त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते जेवत होते.

रश्मीने मला टेबलावर ठेवलं. तेही तिला कळलं नसेल. तांब्याला टेकून मी उभा राहिलो. माझा डोळा उघडाच होता. समोर दोन्ही ताटं होती. मी सगळं पाहत होतो, पण माझं मला काही करता येत नव्हतं. फोटो काढायला माणसाचं एक बोट लागतं, आणि त्या वेळी रश्मीची सगळी बोटं बाबांच्या पाठीवर होती. कुणाचा फोन आला असता तर मी वाजलो असतो, ती दचकली असती. पण त्या जंगलात रेंज नव्हती. थोड्या वेळाने माझा पडदा मंद झाला आणि मग काळा पडला.

बाबांनी वाटी संपवली. रश्मीने आपल्या ताटातली भाजी त्यांना दिली. तीही संपली. मग ती रडत, हसत, उरलेलं सगळं जेवली. बाबा तोंड धुवायला उठले तेव्हा तिची नजर माझ्यावर पडली. फोटो राहिला होता.

"आणखी एक थाळी भेटन का?" तिने वाढणाऱ्याला विचारलं.

"नाई ताई, सरली. तुमचीच शेवटची होती."

तेवढ्यात मंगलीबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. पदराला हात पुसत ती रश्मीकडे पाहत उभी राहिली. तिला फक्त कसं झालं ते ऐकायचं होतं. रश्मीच्या ओठांवर शब्द आले होते. पण जेवणाबद्दल तिथल्या कुणाशी काही बोलायचं नाही, ओळख पटेल असं वागायचं नाही, हाही नियम होता. एका नियमाला ती चुकली होती, दुसऱ्याला घाबरली. तिने मान खाली घातली आणि माझ्या डोळ्याने रिकाम्या ताटाचा फोटो काढला. मंगलीबाई आत गेली.

रश्मीने घरी येऊन सगळं लिहून पाठवलं. थाळी उत्तम होती, आपण फोटो विसरलो, चूक आपली आहे. दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला.

"रश्मी, तुझ्यावर माझा विश्वास आहे गं. पण कॉम्प्युटरमध्ये पदार्थाच्या फोटोशिवाय पुढे जाताच येत नाही. तिथे 'थाळी मिळाली नाही' असंच गेलं."

"मॅडम, पण मी जेवली ना! माहे बाबा जेवले!"

"रिकामं ताट कशाचंही असू शकतं ना."

"मग मी पुन्हा जाते. आजच जाते."

"मालकांकडे गेलं ते. आता माझ्याही हातात नाही."

मी रश्मीच्या कानाला लागून होतो. बाबांच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं होतं. पण माझ्या पोटात त्याचा पुरावा नव्हता, आणि पुराव्यावाचून मी नुसती काच.

महिन्याभराने बाप-लेक पुन्हा मोहर्लीच्या बसमध्ये बसले. या वेळी कामासाठी नव्हे, बाबांना ती भाजी खायची होती म्हणून. हॉटेलावरची जंगल थाळीची पाटी उतरवली होती. शहरातून पाकिटातलं जेवण येत होतं, ते इथे फक्त गरम करत. मंगलीबाई नव्हती. थाळी मिळत नाही असं मालकांना कळलं, म्हणून त्यांनी ती बंद केली, असं सांगत वाढणाऱ्याने तिच्या गावची वाट दाखवली.

मंगलीबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिने बाबांना लगेच ओळखलं आणि बाज पुढे केली. रश्मी बसली नाही. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. ती कोण होती, कशाला आली होती आणि काय विसरली. मंगलीबाईचे हात थांबले.

"थाळी भेटली नाई असं लिवलं?" तिने विचारलं. "म्या तं सोता वाढली होती."

"हो बाई. मी खरं सांगितलं त्याइले. कोणी आयकलं नाई."

"त्या दिवशी म्या दारात उभी होती. तवा काऊन नाई बोलल्या?"

रश्मी तिथेच मातीत बसली.

"माही पोरगी चंदा चंद्रपूरले होस्टेलात शिकते," मंगलीबाई म्हणाली. "घराजवळ काम होतं. आता वीटभट्टीवर जा लागन." ती ओरडली नाही. ओरडली असती तर रश्मीला बरं वाटलं असतं.

बाबा बाजेवरून उठले. अडखळत, एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "बाई, तुह्या हातानं माह्या तोंडाले चव आली. आता मी वाटीभर भात खातो."

मंगलीबाईने त्यांच्याकडे पाहिलं. पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा मोहफुलं पसरू लागली. रश्मीने मला वर केलं. तिला मंगलीबाईचा फोटो मालकांना पाठवायचा असेल. पण मंगलीबाईने तोंड फिरवलं.

"आता कायले, बाई?"

रश्मीने मला खाली घेतलं. निघताना तिने मंगलीबाईचा नंबर मात्र मागून घेतला.

रश्मीने ते काम सोडलं. आता ती दुसऱ्या ठिकाणी जाते आणि तिच्याकडे नवा फोन आहे. मी बाबांकडे असतो. त्यांचा गाल थोडा भरला आहे. कधीकधी जेवण झालं की ते ओल्या हातानेच मला उचलतात आणि मंगलीबाईचा नंबर लावतात. आज भाकरीचा तुकडा चावला, आज मेथी कडू लागली, एवढंच त्यांना सांगायचं असतं. माझ्यातून एक अनोळखी बाई बोलते, की हा नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मंगलीबाई वीटभट्टीवर गेली की आणखी कुठे, मला माहीत नाही. बाबा थोडा वेळ मला कानाशी धरून ठेवतात आणि मग खाली ठेवतात.

मित्रांनो, आम्हाला जपा, पाण्यात पाडू नका, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण माझं मागणं निराळं आहे. आम्ही पाहू शकतो, साठवू शकतो, पण जे साठवलं नाही त्याची साक्ष आम्हाला देता येत नाही. ती तुम्हीच द्यायची असते. कुणी प्रेमाने वाढलं आणि ते तुम्हाला आवडलं, तर हात धुण्याआधी आत जा, त्या माणसाचं नाव विचारा आणि त्याच्या तोंडावर सांगा. तो माणूस समोर आहे तोवरच सांगा.