भिऊ नगंस

बिस्किटाच्या जुन्या डब्याचं झाकण टण्णकन उघडलं, आणि दुपारच्या शांत घरात ते एवढं मोठ्यानं वाजलं की सलोमीनं श्वासच रोखला. कॉटवर शेरॉननं कूस बदलली. उठली नाही. लेक झोपली की सलोमीला तासभर मोकळा मिळायचा. आजचा तास तिनं सूड घ्यायला राखून ठेवला होता.

डबा थोरल्या बहिणीचा, मार्थाताईचा. आत रिळं, सुया, कापडाची मोठी कात्री, टाके उसवायची इवलीशी कात्री. ताई सॉफ्टवेअर इंजिनिअर. कंपनी पुण्यातली, पण कोरोनापासून ती कदमवाडीतल्या घरातूनच काम करायची. मीटिंग लागली की कॅमेरा बंद, माईक बंद आणि सुई चालू. गल्लीत ज्या ज्या घरात पाळणा हलला, त्या त्या घरात तिच्या हातची वाकळ, जुन्या लुगड्यांची गोधडी, गेली. आणि रविवारचं चर्च तर तिनं तापातसुद्धा चुकवलं नाही.

चर्चच्या मंडळीला पन्नास वर्षं झाली तेव्हा तिनं वेदीसाठी कापड शिवलं. प्रत्येक घरातल्या गेलेल्या बाईच्या लुगड्याचा एकेक तुकडा मागून आणला, ते जोडले आणि मधोमध मोठ्या अक्षरांत बायबलमधलं 'भिऊ नको' आपल्या बोलीत भरलं, 'भिऊ नगंस'. कुणाचा तुकडा, कुठला, हे मागच्या बाजूला बारीक टाक्यांत लिहिलं.

"मागं कोण बघतंय ताई?" सलोमी म्हणाली होती.

"कोडमध्ये पण असंच लिहून ठेवायचं असतंय. मागनं येणाऱ्याला कळायला पाहिजे की, हे इथं का हाय."

ते कापड वेदीवर एकच रविवार राहिलं, मग महिला मंडळाच्या कपाटात कुलपाआड गेलं. महिला मंडळाच्या सेक्रेटरी आक्का, शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून रिटायर झालेल्या, उपासना संपायच्या आत उठल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वेदीवर असली गावठी भाषा चालायची न्हाय!"

मागच्या बाकावर ताईनं सलोमीला कोपर मारलं. "ऐकलंस? 'न्हाय' म्हणाल्या." पण घरी आल्यावर तिला घास गेला नाही. "आई दवाखान्यात भ्यायची तेव्हा मी काय 'भिऊ नको' म्हणत होते? देव काय पुण्यासनं आलाय व्हय गं?"

पुढच्याच वर्षी ताईच्या पोटात गाठ निघाली. शेवटच्या आठवड्यात तिनं एवढंच मागितलं, की माझ्या पेटीवर ते कापड घाला. सलोमी आक्कांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कपाटाची किल्ली सापडेना गं," आक्का म्हणाल्या.

ताईची पेटी कापडाविनाच मातीत उतरली. किल्ली चौथ्या दिवशी सापडली. आक्कांच्याच पर्समध्ये. मंडळाच्या चहाचे कप काढायचे होते ना.

ताईला जाऊन येत्या रविवारी वर्ष होणार होतं. काल आक्का पिशवी घेऊन आल्या. "सलाम गं सलोमी. हे धुऊन, इस्त्री करून आण. स्मरणाच्या उपासनेला वेदीवर घालू. मार्थाबद्दल चार शब्द मीच बोलते, तू रडशील." चपला घालता घालता त्यांनी मान वळवली. "आणि ती तेवढी चूक मी टेलरकडनं दुरुस्त करून घेतलीय हं."

सलोमीनं आता कापड मांडीवर पसरलं. 'भिऊ' ताईच्या हातचं, किंचित तिरकं. पुढचं 'नको' मशीनचं, गुळगुळीत, चकचकीत. वर्षभर सलोमीला जे सलत होतं, त्याला काल आक्कांनीच नाव दिलं होतं. चूक.

तिनं कात्रीचं टोक 'को'खाली घातलं. टच्च. पुन्हा टच्च. प्रत्येक टाक्याला तिला बरं वाटत होतं, इतकं बरं की तिची तिलाच भीती वाटावी. 'नको' निघालं. राहिली नुसती भोकं. 'नगंस' परत भरायचं नाही, तिनं ठरवलं. वेदीपुढं बोलायला उभं राहिल्यावर आक्कांना ही भोकं दिसली पाहिजेत.

पण तेवढ्यानं पोट भरेना. कोपऱ्यात हिरव्या इरकली लुगड्याचा तुकडा होता. तिनं तो उलटा केला. मागं ताईचे बारीक टाके होते. 'आक्काच्या आईचं. देताना आक्का रडली. म्हणून लहानच कापला.'

रडली ना? मग रड आता परत. सलोमीनं डब्यातली मोठी कात्री काढली. हा तुकडा कापून न्यायचा आणि चुलीत घालायचा. आक्कांनी विचारलं तर डोळ्याला डोळा भिडवून सांगायचं, "तुकडा सापडेना गं."

कात्रीची दोन्ही पाती हिरव्या काठावर आली.

"आई."

शेरॉन केस विस्कटलेली, कॉटवरनं खाली उतरून उभी होती. पहिलीत गेल्यापासून ती दिसेल ते वाचत सुटायची, दुकानांच्या पाट्या, एसटीचे बोर्ड, औषधांच्या बाटल्या. अक्षरं तिला मावशीनंच शिकवली होती. तिनं कापडावर बोट ठेवलं. "भि… ऊ." बोट पुढं सरकलं. पुढं भोकं होती.

तिनं कात्रीकडं बघितलं. मग आईच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ.

"आई, भिऊ?"