बिनघामाचे महाराज

मे महिन्यातली भर दुपार. बोरीचं बाजार मैदान तव्यासारखं तापलं होतं, तरी गर्दी हटत नव्हती. मधोमध घोंगडं पांघरून गोपाळ बसला होता आणि अंगावर घामाचा टिपूस नव्हता!

"सूर्यनारायणाचं कवच हाय ह्ये!" त्याचा मेहुणा बन्सीधर ओरडत होता. "महाराजांच्या पायाचं पाणी इकत न्या, ऊन लागायचं न्हाई!" त्याच्या स्वतःच्या सदऱ्यातून मात्र घाम निथळत होता.

माणिकराव गुरुजी पुढे सरसावले. गेल्याच वर्षी निवृत्त झालेले विज्ञान शिक्षक. आपण तीन बुवांचं पितळ उघडं पाडलं, हे भेटेल त्याला सांगायचे. त्यांनी घोंगडं बाजूला सारून गोपाळची पाठ रुमालाने खसाखसा पुसली. घाम रोखायला तुरटी चोळली असेल म्हणून पाठीवरून फिरवलेलं बोट जिभेला लावून पाहिलं. हाती काहीच लागेना, तेव्हा ते चिडून गरजले, "बसवा अजून तासभर! लबाडी बाहेर पडेल!"

अर्ध्या तासात गोपाळ बेशुद्ध होऊन आडवा झाला.

परभणीच्या दवाखान्यात तो शुद्धीवर आला. डॉक्टर नीलम यांना त्याच्या हृदयाचा स्नायू भलताच जाड आढळला. "असा रुग्ण आला की आम्ही एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराची तपासणी करतो," म्हणत त्यांनी रक्ताचे थेंब कागदावर टिपून घेतले.

पंधरा दिवसांनी निकाल आला, तेव्हा गुरुजीही दवाखान्यात आले होते. एक प्रकारची चरबी मोडणारा रस गोपाळच्या शरीरात जन्मापासूनच नव्हता. ती चरबी साचून घाम आटला होता आणि आता हृदयाची पाळी होती.

"बापाकडून हा दोष प्रत्येक मुलीकडे जातो," डॉक्टर म्हणाल्या.

गोपाळची बारा वर्षांची मुलगी रेणुका हळूच बोलली, "गुरुजी, माझे बी तळहात-तळपाय उन्हात लय जळायलेत."

"मग आधी सांगायचं नाही का, बाळ?"

"सांगितलं की! गेल्या वर्षी, तुमी कवायतीचा तास घेत होता तवा. तुमी म्हणले, नाटकं करू नको. आन् मैदानाला दोन चकरा जास्तीच्या दिल्या."

तीन बुवा पकडणाऱ्या गुरुजींना तोंड कुठे लपवावं कळेना.

"ही जळजळ त्याच आजाराची खूण आहे, पण तिचं हृदय अजून चांगलं असेल," डॉक्टर म्हणाल्या. "यावर औषध आहे, फक्त वेळेत कळायला हवं." रेणुकाचं रक्त त्याच दिवशी तपासणीला गेलं.

पुढच्या बाजारी गुरुजी मैदानात उभे राहिले. "गोपाळच्या अंगात देव नाही, आजार आहे. त्याच्या पाया पडू नका, त्याला सावलीत बसवा."

"म्हंजे लबाडी नव्हतीच ना?" बन्सीधर ताठ झाला.

"गोपाळची नव्हती. कवच तू विकलंस. आणि मी दीडशहाणा! 'कोण फसवतंय?' एवढंच विचारलं, 'असं का होतंय?' हे विचारलंच नाही. पोरांनो, तुम्ही ते विचारा. आणि उत्तर बुवाने दिलेलं असो की गुरुजीने, तपासल्याशिवाय खरं मानू नका."