वाढत्या अंगाचं जॅकेट

मित्रांनो, मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे. रंग अजून भडक नारिंगी आहे, पट्टे धड आहेत, शिट्टीही शाबूत आहे. लोक म्हणतात, काय टिकलंय! टिकणारच हो. आयुष्यात पाण्यात पडलो एकदाच, आणि त्या दिवसाची आठवण निघाली की मला तोंड लपवायला जागा सापडत नाही.

एका मोठ्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथल्या बायका फोमचे जाड तुकडे कापडात सरकवून मशीनवर शिवत असत. किती वजनाच्या मुलानं मला घालावं, ते छापलेली पट्टी त्यांनी माझ्या आत लावली. कुणा लेकराला पाण्यावर अलगद धरून ठेवायचं, एवढंच माझं स्वप्न होतं.

मला विकत घेतलं एका शिंप्यानं. त्याच्याबरोबर बायको होती आणि चार वर्षांची मुलगी. तिला सगळे चिमी म्हणत, आणि होतीही ती चिमुकलीच. त्यांच्या घराजवळ तळं होतं, सुट्टीत मंडळी तिथे जात. दुकानदारानं आधी लहान जॅकेट दाखवलं. शिंप्यानं ते बाजूला सारलं आणि मला उचललं. बायको म्हणाली, हे फारच ढगळ होतंय.

"अगं, पोरं बघता बघता वाढतात," तो हसून म्हणाला. "वाढत्या अंगाला मोठंच घ्यावं. पट्टे आवळले की झालं."

आतली पट्टी कुणी वाचली नाही. आणि मी? मी आपला निवड झाली म्हणून फुगलो होतो.

त्याच आठवड्यात आम्ही तळ्यावर गेलो. एरवी चिमीची आई पाण्याजवळ तिचा हात सोडत नसे. त्या दिवशी "जॅकेट आहे ना अंगात" म्हणत तिनं तो सोडला आणि झाडाखाली डबे उघडायला बसली. शिंपी चटई अंथरत होता. लाकडी धक्क्याच्या टोकाला फक्त त्याची बहीण, चिमीची आत्या, पाय धूत होती. चिमी मासे बघायला वाकली आणि पाण्यात गेली.

मी झटकन वर आलो. चिमी आली नाही. माझा गळा तिच्या कानांवरून वर सरकला, तिचे दोन्ही हात उंच झाले आणि ती माझ्यातून खाली निसटली. आत्यानं धक्क्यावर पालथं पडून पाण्यात हात घातला, चाचपडत तिचं मनगट धरलं आणि तिला ओढून काढलं. पोरीच्या बोटांत माझा एक पट्टा अडकला होता. त्यामुळे बाकीचे धावत आले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच: खोकणारी, रडणारी चिमी आणि तिच्या हातात मी.

"जॅकेट होतं म्हणून वाचली," शिंपी मला छातीशी धरून म्हणाला. आत्या तेव्हा चिमीच्या पाठीवर थापट्या मारून पाणी काढत होती. पुढे भावाचा तो भाबडा आनंद तिला मोडवला नाही.

मग सुरू झालं माझं कौतुक. शिंप्यानं मला दुकानात दर्शनी खुंटीवर टांगलं. येईल त्या गिऱ्हाइकाला तो माझे गोडवे ऐकवी. एका आजीबाईंनी तर माझ्यावरून मायेनं हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिमी मात्र मला पाहिलं की आईच्या मागे लपायची. सगळे म्हणायचे, पोरीला पाण्याची धास्ती बसली. धास्ती माझी होती, ते मला ठाऊक होतं.

पुढच्या सुट्टीत आत्या आपल्या नुकत्याच चालायला लागलेल्या बाळाला घेऊन होडीनं तळ्यापलीकडे जायला निघाली आणि वाटेत दुकानात आली. शिंप्यानं मोठ्या अभिमानानं मला खुंटीवरून काढलं आणि बाळाला घालायला पुढे केलं. ते पोर चिमीच्याही निम्मं होतं. माझ्यापाशी शिट्टी आहे, पण फुंकायला तोंड नाही. आत्या "दादा, नको" म्हणाली आणि अडखळली.

तेवढ्यात चिमी आईच्या मागून पुढे आली. "बाबा, बाळाला ते नको. ते वर जातं आणि मी खाली जाते."

शिंप्यानं मला चिमीच्या अंगात चढवलं, सगळे पट्टे आवळले, आणि खांद्यांशी धरून मला वर ओढलं. मी सरळ वर आलो. चिमीचा चेहरा माझ्यात गडप झाला. त्यानं चटका बसल्यासारखे हात सोडले आणि बहिणीकडे पाहिलं.

"मनगट हाताला लागलं, म्हणून वाचली रे," ती खाली मान घालून म्हणाली. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

शिंप्यानं गळ्यातली मापाची टेप काढून हातात घेतली. "अख्ख्या गावाची मापं घेतो मी," तो म्हणाला, "आणि माझ्या पोरीचं घेतलं नाही."

त्या दिवशी होडी गेली नाही. दोन्ही मुलांना अंगाबरोबरची जॅकेटं आली, खांद्याला धरून ओढून पाहिलेली. गिऱ्हाइकांना खरी गोष्ट शिंप्यानं स्वतःच सांगितली. सांगताना त्याची मान खाली असायची, आणि कपाटात पडल्यापडल्या माझीही.

तर मित्रांनो, जॅकेट घालाल तेव्हा घरच्यांना ते खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. कानांपर्यंत आलं, तर न लाजता म्हणा, मला हे मोठं होतंय. आणि मोठ्या माणसांनो, नीट बसलं तरी हात पोहोचेल इतकं जवळ राहा. नुसतं तरंगायचंच असेल, तर ते मला एकट्यालाही जमतं.