बजेटचे पेढे

देवाजी खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होता. तुमसरच्या त्या गल्लीत इन्कमटॅक्स भरणारा तो एकटाच, आणि त्याचा त्याला केवढा तोरा! पंच्याऐंशीच्या बजेटच्या संध्याकाळी टॅक्स कमी झाल्याचं रेडिओवर ऐकलं नि गडी सायकल काढून पेढेच घेऊन आला.

डबा बघून त्याची बायको कुंताबाई लगबगीनं उठली. ती दारात आडवी आली. "गल्लीत वाटू नोका जी. घरच्या घरी खाऊन टाकू."

"काहून? चोरी केली का मी?"

आता या शहाण्याला कोण सांगणार? रेडिओ तो ऐकायचा, बाजार ती करायची. मागे पगार वाढला तेव्हाही यानं असेच पेढे वाटले होते. त्याच आठवड्यात दूधवाल्यानं भाव चढवला, कपडे धुणारी सुद्धा अडून बसली. पगार कुठं गेला ते कळलंच नाही.

देवाजी निघालाच. दारोदार "बधाई हो!" ऐकू येत होतं आणि दर बधाईला कुंताबाई बोटावर एकेक भाववाढ मोजत होती.

तो हसत परतला. तिनं घाईनं कडी लावली. पण कडी वाजलीच. बाहेर घरमालक भैय्याजी बोटं चाटत उभे होते.

"पेढा मस्त होता, बाई. देवाजीले बोलवा जरा. घरभाड्याचं बोलाचं होतं."

आतून देवाजी आनंदानं ओरडला, "या या, भैय्याजी! देवापुढचा एक उरला आहे, तोही घ्या!"